निकेतच्या डोक्याचं पथ्य

"आधी केस न्हाईत म्हणून जीव जात होता, आता ठिपके हायत म्हणून जातोय," निकेत माझ्या पुढ्यात बसून स्वतःशीच कुरकुरत होता. पंख्याच्या घरघरीत मला ऐकू येत नाही, असा त्याचा समज. मी त्याच्या पाठीमागे वीतभर अंतरावर होते, धुतलेल्या मलमलीच्या तुकड्यानं त्याच्या मानेवरचा घाम टिपत होते. ऐकू न यायला मी काय माणगावात बसले होते?

खाजतंय तर सांग की, म्हटलं. तर म्हणाला, सांगून काय होणार, खाजवायला तूच देत नाहीस. तेही खरंच.

निकेत माझा एकुलता एक. वय एकोणतीस, उरणकडे एका कंटेनर यार्डात सुपरवायझर. बाकी सगळं माझ्यावर गेलंय, नाक, हट्ट, चहात साखर जास्त. डोकं मात्र बापाचं. तेविसाव्या वर्षी कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरकायला लागले, मग मधला भोवरा उघडा पडला, आणि शेवटी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मागून नुसती झालर उरली. कांद्याचा रस झाला, गोळ्या झाल्या, कुणीतरी सांगितलं म्हणून रोज उलटं लटकणंही झालं. केसांनी ऐकलं नाही.

मग त्याला पनवेलच्या एका क्लिनिकचा पत्ता लागला. तिथे सुईनं टाळूवर शाईचे बारीक बारीक ठिपके टोचतात, हजारोंनी. केस उगवत नाहीत. पण बघणाऱ्याला वाटतं, ह्या माणसाला भरघोस केस आहेत आणि त्यानं ते परवाच मशीन फिरवून अगदी मुळापाशी आणलेत. झालरीतले खरे केसही मग तेवढेच बारीक ठेवायचे, कायमचे. त्याला मायक्रोपिगमेंटेशन म्हणतात. हा शब्द पाठ व्हायला मला दोन दिवस लागले, आणि पाठ झाल्यावर कळलं की गावात तो कुणाला सांगून काही उपयोग नाही. मी आपलं मनाशी म्हटलं, गोंदण. माझ्या सासूबाईंच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत होतं. ह्यानं टाळूवर घेतलं, एवढाच फरक.

शनिवारी दुपारी टोचणं झालं आणि संध्याकाळी तो थेट गावी आला. उलव्याला तो दोन मित्रांबरोबर खोली करून राहतो. तिथल्या उशा मी पाहिल्या आहेत. त्यामुळे रजा टाकून आईकडे यायचं त्याला सुचलं, हे बरंच झालं. क्लिनिकवाल्यांनी पथ्याचा एक कागद दिला होता, इंग्रजीत. तो वाचत गेला आणि मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या सातवी पास अक्षरात उतरवून घेत गेले. चार दिवस डोक्याला पाण्याचा थेंब नाही. खपली धरली तर ती आपली आपण पडेल, नख लावायचं नाही. उशीचा अभ्रा रोज धुतलेला. घाम येऊ द्यायचा नाही, म्हणून तिखट जेवणही नको. पहिले दहा दिवस उन्हात जाणं नाही, महिनाभर खारं पाणी नाही, आणि तेल तर नाहीच नाही.

लिहून झाल्यावर मी विचारलं, हा कागद लिहिणाऱ्यानं आमचं गाव बघितलंय का? घराच्या मागे मिठागर, पुढे खाडी. वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी काढला तर त्यालाही चव असते. माघ संपत आला होता, अकरा वाजताच कौलं तापायची. माणूस नुसता टॉवेल शोधायला उठला तरी घामानं भिजतो, आणि मग तो घाम पुसायला टॉवेल सापडत नाही. तरी मी फ्रिजवर कागद चिकटवला, माजघरातल्या खिडकीला ओली चादर बांधली, पंखा निकेतच्या पायाशी ठेवला आणि त्याला चटईवर बसवून टाकलं. किहीमच्या मामेबहिणीनं पाठवलेली खोबरेल तेलाची बाटली कपाटात वर होती. ती तेवढी मी आणखी वरच्या फळीवर ठेवली. माझा माझ्या हातांवर भरवसा नव्हता.

हातांचंच सांगायचं होतं मला. पोराच्या डोक्याला हात लावायचा नाही, हे पथ्य त्याला नव्हतं, मला होतं.

पहिल्या दिवशी टाळू लाल होती, उन्हात भाजल्यासारखी. तिसऱ्या दिवशी लाली उतरली आणि ठिपके काळे, ठसठशीत दिसायला लागले. कपाळावर केसांची कड आली. संध्याकाळी पश्चिमेच्या दारातून तिरपा उजेड आत आला आणि निकेत मान खाली घालून मोबाइल बघत बसला होता. मी समोर तांदूळ निवडत होते. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

हे डोकं मी आधी पाहिलं होतं.

माझ्या लग्नाला सात महिने झाले होते तेव्हा सासरे वारले. हिरामणनं, म्हणजे निकेतच्या बापानं, तेव्हा डोकं भादरलं. पंचवीस वर्षांचा होता. आठ-दहा दिवसांनी त्याच्या डोक्यावर असंच काळं बारीक उगवून आलं. मी नवी सून, दिवसाउजेडी त्याच्याशी बोलायची सोय नव्हती. तो मिठागरावरून येऊन ओटीवर टेकायचा, पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा, आणि मी आतल्या अंधारातून त्याच्या डोक्याकडे बघत राहायची. बोलायला मिळत नाही तेव्हा माणूस बघूनच बोलतं. एकदा घरात कुणी नव्हतं, सगळी बाजाराला गेली होती, तेव्हा मी त्या डोक्यावरून तळहात फिरवला. कापलेल्या भाताच्या खुंटांवरून फिरवावा तसा लागला, फक्त ऊबदार. त्यानं तांब्या खाली ठेवला. डोळे मिटून बसला. संसार पुढे बावीस वर्षं झाला, भांडणं झाली, पोर झालं, घरावर नवी कौलं आली. पण कुणी मला विचारलं की सुख कसं असतं, तर मी तो तळहात दाखवेन.

पुढे आमच्या बाजूची मिठागरं एकेक करून बसत गेली आणि हिरामण ट्रकवर गेला. न्हावा शेवा ते गुजरात, आठवड्याला एक फेरी. केस त्या रस्त्यातच कुठेतरी गळाले. नऊ वर्षांपूर्वी एका बुधवारी त्याचा वापीहून फोन आला. शुक्रवारी येतो, तळ्यातला जिताडा मासा काढून ठेव, म्हणाला. नंतर फोन बंद. ट्रक मालकाला गांधीधामच्या एका यार्डात उभा सापडला, चावी पुढच्या चाकावर ठेवलेली. माणूस नाही.

मी कुंकू लावते. सणाला हिरव्या बांगड्या भरते. शुक्रवार आले आणि गेले. बेपत्ता माणसाची बायको ही अशी जागा आहे की तिथे बसायला कुणी पाट देत नाही आणि ऊठ म्हणूनही कुणी सांगत नाही.

तर सोमवारी शेजारची ठमाकाकी मागच्या दारानं विरजण मागायला आली होती. सत्तरीची बाई, गावातल्या तीन पिढ्यांची बारशी आणि तेरावी तिच्या तोंडपाठ. तिची नजर माजघरात गेली. तिथे निकेत, बोडका, चटईवर, भिंतीकडे तोंड करून. तिनं मला हळूच विचारलं की पोर ओटीवर का बसत नाही. मी म्हटलं, दहा दिवस बाहेर नाही पडायचं त्याला. डोक्याला तेल? म्हटलं, तेल चालत नाही. आणि पाणी? पाणीसुद्धा अजून नाही, म्हटलं. मी आपली कागदावरचं सांगत होते. ठमाकाकी माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या पाठीवर हात ठेवला, बराच वेळ, आणि विरजण न घेताच निघून गेली. मला वाटलं, गुडघे दुखत असतील, टेकू घेतला असेल.

मंगळवारी दुपारी ठमाकाकीची सून टोपलीत तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं कालवण झाकून घेऊन आली. मी म्हटलं, आज काय विशेष, तर तिनं मान खाली घातली. पाठोपाठ समोरच्या घरातून भाकऱ्या आल्या. मग शाळेजवळच्या घरातून. तिसऱ्या टोपलीला मला थोडं नवल वाटलं, चौथीला ठमाकाकी स्वतः आली आणि तिच्यामागून पाच-सहा बायका येऊन खालमानेनं बसल्या, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे बाप गेला की पोराचे केस उतरवतात. दहा दिवस तेल नाही, बाहेर जाणं नाही. त्या घरात शेजारची भाकरी येते. आणि दूरदेशी गेलेल्याची बातमी उशिरा आली, तर सुतक कानावर पडल्या दिवसापासून धरतात. गावानं दोन अधिक दोन केलं होतं आणि उत्तर काढलं होतं, हिरामण.

बायका बोलायला लागल्या. हिरामण किती मायाळू होता. पुराच्या साली त्यानं एका म्हातारीला पाठीवरून कसं आणलं. लग्नाच्या वरातीत नाचायचा कसा. जिवंत माणसाबद्दल एवढं चांगलं कुणी बोलत नाही. ठमाकाकीनं पदर डोळ्यांना लावला, तशा सगळ्यांनी लावला.

तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. अगो बायांनो, हे गोंदण आहे, सुतक नाही, एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण मी सांगितलं नाही. खरं तेच लिहिते. मला ते आवडलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात माझ्या माणसासाठी कुणी रडत होतं, मला पाट मिळाला होता आणि त्यावर बसून मीही रडले. मेलेला माणूस आपला असतो. त्याला कुणी नेलेलं असतं, तो स्वतःहून गेलेला नसतो.

कारण मला माहीत होतं.

सहा वर्षांपूर्वी शिमग्यात होळीच्या माळावर शेजारच्या गावचा एक ड्रायव्हर पिऊन बरळत होता, की हिरामणनं गांधीधामला घर केलंय, बाई आहे, लहान पोरगी आहे, मजेत आहे. दोघांनी त्याला काखेतून उचलून बाजूला नेलं आणि बाकीचे एकदम मोठ्यानं गायला लागले. मी पुरणपोळीचं ताट घेऊन मागे उभी होते. त्या माळावर होते मोजके पुरुष, माझ्या थोरल्या दिरासकट. त्यांनी ते घरी नेलं नाही, बायकांपर्यंत पोचू दिलं नाही. दारुड्याचं बोलणं म्हणून मी विसरलेही असते. पण पुढच्या पितृपक्षात मी लक्ष ठेवलं. थोरले दीर, बुधाजीदादा, आमच्या घराण्याचं पान तेच ठेवतात. माणूस कडक. लहानपणी वारलेल्या चुलतभावाचंसुद्धा नाव ते चुकवत नाहीत. पण हिरामणचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, त्याच्यासाठी काही विधी करू या असंही कधी म्हणाले नाहीत. मेलेल्याला उपाशी ठेवणारा तो माणूस नाही. म्हणजे ते जाणून होते की हिरामण कुठेतरी रोज दोन वेळा जेवतोय. मी जाणून होते की ते जाणून आहेत. आणि त्यावर आम्ही सहा वर्षं एकमेकांना चहा दिला.

त्या मंगळवारी आसपासच्या सगळ्या घरच्या बायका आल्या, फक्त बुधाजीदादांची बायको आली नाही. दादांनी तिला तेवढं सांगितलेलं असणार, तिला रडायचं कारणच नव्हतं.

संध्याकाळी निकेत जेवायला बसला आणि एवढ्या भाकऱ्या कशाला केल्यास म्हणाला. मी सांगितलं. तो आधी खो खो हसला, मग हसता हसता थांबला. मग तू त्यांना सांगितलं का नाहीस, त्यानं विचारलं. मी म्हटलं, कालवण निवतंय, जेव.

बुधवारी डोकं धुवायचा दिवस. कागदावर लिहिलं होतं, कोमट पाणी, सौम्य शाम्पू, चोळायचं नाही, बोटांच्या पोटांनी नुसतं थापायचं. मी पाणी उकळून निवत ठेवलं, नख लागू नये म्हणून दहाही नखं कापली. न्हाणीत तो स्टुलावर ओणवा बसला. मी तांब्यानं धार धरली आणि पाच दिवसांनी, पाच का, मला वाटतं त्याच्या दहावीनंतर पहिल्यांदा, मी माझ्या पोराच्या डोक्याला हात लावला.

ठिपक्यांना काही हाताला लागत नाही. दिसतात केस आणि लागतं कातडं, गुळगुळीत, मधूनच एखादी बारीक खपली. झालरीपाशी मात्र खरे खुंट होते. तिथे माझा हात थोडा जास्त वेळ राहिला.

त्याला ते कळलं असावं. ओणवा असतानाच तो बोलायला लागला. दोन वर्षांपूर्वी यार्डाच्या कामानं मला गुजरातला धाडलं होतं, तुला सुरत सांगितलं होतं, पण सुरत नव्हतं, गांधीधाम होतं. सकाळी एका टपरीवर चहा घ्यायला थांबलो. मी पाठमोरा होतो. टपरीवाला मागून म्हणाला, काय हिराभाई, आज लवकर? मी वळलो तर तो ओशाळला. म्हणाला, माफ करा, मागून डोकं अगदी तेच.

पाणी त्याच्या मानेवरून खाली टपकत होतं. बाहेर कुणाचं तरी कोंबडं ओरडत होतं.

मान खाली घे, कानात पाणी जाईल, मी म्हटलं.

त्यानं घेतली. थोड्या वेळानं खालूनच म्हणाला, "तवाच ठरवला मी, हा डोका बदलायचा."

मी आणखी एक तांब्या ओतला, गरज नसताना. मग मऊ पंच्यानं टिपून कोरडं केलं, पुसलं नाही, आणि क्लिनिकनं दिलेलं बिनवासाचं क्रीम पातळ लावलं. मला त्याला सांगायचं होतं की बाळा, फसलास. जे टाळायला तू एवढ्या सुया खाल्ल्यास, तेच डोकं घेऊन आलास, फक्त बापाच्या पंचविशीतलं. सांगितलं नाही. माझ्या घरात न सांगितलेल्या गोष्टी ठेवायला कोनाडे कमी नाहीत.

गुरुवारी दहाच्या सुमाराला बुधाजीदादा आले. मागे त्यांची धाकटी लेक मनाली, आणि तिच्या मागे ठमाकाकी, कारण आग कुणी लावली ते तिला आता कळत होतं. मनालीची हळद येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी. पेणची सोयरीक, बँकेतला मुलगा. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडव सांगितलेला, बेंजोवाले सांगितलेले, आठशे माणसांचं जेवण. आणि सख्खा काका गेला तर सुतक फिटल्यावरही वर्षभर त्यातलं काही होत नाही. मनालीनं मेंदीच्या नमुन्यांचं पुस्तक हातात तसंच धरून आणलं होतं. डोळे सुजलेले.

बुधाजीदादांनी लांबून सुरुवात केली. उन्हाबद्दल बोलले, मांडववाल्याच्या आडमुठेपणाबद्दल बोलले. मग पंख्याकडे बघत म्हणाले की व्याह्यांचा फोन आला होता, तुमच्यात काही झालंय असं ऐकतो म्हणून. तुझ्याकडे कुठून बातमी वगैरे आली का? इतक्या जपून त्यांनी ते विचारलं की मला त्यांची दया आली. बातमी आली नसणार हे त्यांच्याएवढं कुणाला माहीत? पण ते सांगायचं तर, कसं माहीत, हेही सांगावं लागलं असतं.

ठमाकाकी म्हणाली की डोकं दिसलं म्हणून मला वाटलं, आणि सगुणानंही नाही म्हटलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक सारखं केलं.

तेवढ्यात निकेत आतून बाहेर आला. म्हणाला, कुणी मेलेलं नाही, आणि दारातल्या उजेडात ठमाकाकीसमोर डोकं वाकवून उभा राहिला. तिनं चष्मा चढवला, नाक टाळूला लागेल इतकी जवळ गेली. निकेत ओरडला की हात नको लावू. तिनं हात मागे घेतला आणि बघत बघत म्हणाली, "अगो बाय, ह्या तर गोंदलाय."

मनाली पहिल्यांदा हसली. मग सगळेच हसले, बुधाजीदादासुद्धा, त्यांच्या पोटातून आलं ते हसू. ठमाकाकी स्वतःला चार शिव्या घालत म्हणाली की चार टोपल्या भाकऱ्या फुकट गेल्या. निकेत म्हणाला, फुकट कशा, मी खाल्ल्या. मी चहा टाकायला उठले. झालं, सुटलं, असं मला वाटलं. आणि वाटलं त्याच क्षणी कळलं, हिरामण पुन्हा बेपत्ता झाला होता आणि मी पुन्हा माझ्या जागेवर.

चहा घेऊन आले तेव्हा बुधाजीदादांनी नवं काढलं होतं. ठिपके-बिपके पेणला कुणाला समजायचे नाहीत. त्या लोकांनी आधीच दोनदा विचारलंय, मुलीचे काका कुठे असतात. आता फोन करून डोक्यावर गोंदलंय म्हणून सांगितलं तर ते म्हणतील, काहीतरी लपवतात. त्यापेक्षा असं सांगू या, की पोरानं देवीला केस दिले. नवस. ह्यावर पुढे कुणी काही विचारत नाही.

कसला नवस, निकेतनं विचारलं.

दादा चहात बघत म्हणाले, "बापूस परत येवा म्हणून. तसा बोलू. हळदीला कोनी विचारला तर तू पन तसाच बोल."

ठमाकाकीला ते एकदम पटलं. तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. म्हणाली, पोराचा नवस देव ऐकतो, खरंच येईल बघ हिरामण. मनाली निकेतकडे बघत होती. लहानपणी तो तिला सायकल द्यायचा तेव्हा बघायची, तशा नजरेनं. निकेतनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खांदे उडवले.

"सांगा," तो म्हणाला. "माझा काय जातोय. जो ईल त्याला सांगीन मी, वाट बघतोय म्हणून."

आणि त्यानं मान खाली घातली.

मी त्या डोक्याकडे बघितलं. क्रीम अजून जिरलं नव्हतं, ओल्या पाटीसारखं चमकत होतं. मागे झालर, पुढे काढलेली कड. एवढ्या दुखण्यातून गेला होता तो, चार दिवस भिंतीकडे तोंड करून बसला होता, कशासाठी, तर मागून कुणी त्याला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारू नये म्हणून. आणि आता त्या ठिपक्यांवर आम्ही सगळे मिळून त्या बापाची वाट लिहिणार होतो. ती पुसायची नव्हती, वर्षानुवर्षं टिकते म्हणून तर क्लिनिकवाले सांगतात. हळदीत आठशे माणसं विचारतील. पुढे त्याच्या लग्नात विचारतील. माझी नऊ वर्षं होती, मी ती माझ्या हौसेनं काढली. हौसच ती. मला कुणी दारात उभं केलं नव्हतं. पण दारात उभं राहायचं काम मी पोराला वारशात देत होते, आणि वर त्याला चहा देत होते.

मी ट्रे खाली ठेवला. मग सगळ्यांमध्ये, चटईवरच बसले.

"नवस न्हाय सांगायचा, दादा," मी म्हटलं.

दादांनी कप तोंडापाशी नेला होता, तो तिथेच राहिला. त्यांना कळलं. मला वाटतं, मी बसले तेव्हाच कळलं. ते घाईनं म्हणाले की राहू दे, तुला नको तर नवस नको, दुसरं काहीतरी सांगू, तू आता काही बोलू नकोस. निकेतनं मान वर केली.

"निकेतचा बापूस जिता हाय," मी म्हटलं. "गांधीधामला हाय, दुसरा घर करून. दादा, तुमाला ठाव हाय, मना ठाव हाय, ह्या पोराला पन ठाव हाय. तो हरवला न्हाय. तो आमाला सोडून गेलाय, आन तो आता यायचा न्हाय."